लग्नसराईत अपडेट दाबू नका : एडिटिंग सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकताना होणाऱ्या चुका

एप्रिल-मे आला की सोलापुरातल्या एडिटिंगच्या खोल्यांमधून एकच ओरड ऐकू येते. नवी आवृत्ती टाकली आणि सगळं बसलं. टाइमलाइन अडकते, रेंडर (म्हणजे अंतिम व्हिडिओ फाइल बनवणं) मध्येच थांबतं, प्रोजेक्ट उघडत नाही. ही ओरड खोटी नाही. अर्धकच्ची आवृत्ती बाजारात सोडायची आणि तिच्यातले बग गिऱ्हाइकांकडून शोधून घ्यायचे, ही सवय बहुतेक कंपन्यांना लागली आहे आणि तिचा राग यायलाच हवा. पण बग कंपनीचा असला तरी चालू कामाच्या मधोमध अपडेटचं बटण आपणच दाबतो. आणि बऱ्याच वेळा ज्याला बग म्हणतात तो बग नसतोच.

चालू काम असताना अपडेट

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर.

दर हंगामात कुठे ना कुठे घडतं ते असं. दोन पीसींचा स्टुडिओ. एकावर ट्रॅडिशनल म्हणजे विधींचा पूर्ण व्हिडिओ, दुसऱ्यावर कॅन्डिड आणि हायलाइट म्हणजे छोटी झलक. दोन्हीकडे डाविंची रिझॉल्व्ह हे एडिटिंग सॉफ्टवेअर, दोन्ही एकाच प्रोजेक्ट लायब्ररीला (सगळे प्रोजेक्ट जिथे साठतात त्या डेटाबेसला) जोडलेले. रिसेप्शनला एलईडी वॉलवर हायलाइट दाखवायचं ठरलेलं. कामावरच्या पोराने रात्री कुठला तरी व्हिडिओ पाहिला, नव्या आवृत्तीत एआयने आवाज साफ होतो हे ऐकलं आणि पब्लिक बीटा, म्हणजे सगळ्यांना तपासायला दिलेली कच्ची आवृत्ती, उतरवून टाकला. उघडताना रिझॉल्व्हने विचारलं, लायब्ररी अपग्रेड करायची का? त्याने ‘अपग्रेड’ दाबलं. त्या क्षणापासून दुसरा पीसी त्या लायब्ररीला हात लावू शकत नाही. मग धावपळ. बीटा काढून जुनी आवृत्ती परत टाकली, तरी लायब्ररी नव्या साच्यातलीच राहिली, त्यामुळे काही उघडलं नाही. दुसऱ्या पीसीवरही बीटा टाकला, तर तिथलं एक प्लगइन (वरून जोडलेलं इफेक्टचं सॉफ्टवेअर) चालेना आणि रेंडर पडायला लागलं. शेवटी एक्सएमएल (फक्त कटांची यादी नेणारी फाइल) काढून जुन्या आवृत्तीत नवा प्रोजेक्ट केला. कट आले. कलरचे नोड (रंगकामाच्या पायऱ्या), रिझॉल्व्हच्याच फ्यूजन विभागातली टायटल्स आणि स्लो मोशनचे चढउतार आले नाहीत. रिसेप्शनला रंगकाम न केलेलं हायलाइट लागलं.

यात बीटाचा दोष किती? कंपनी स्वतः त्याला बीटा म्हणते. तो तपासायला असतो, पैसे घेतलेल्या कामाला नाही.

रिझॉल्व्हची लायब्ररी एकदा वर गेली की खाली येत नाही. नव्या आवृत्तीतून काढलेली डीआरपी (एका प्रोजेक्टची) फाइलही जुन्या आवृत्तीत घेता येत नाही. शिवाय रिझॉल्व्हचा इन्स्टॉलर जुनी आवृत्ती काढूनच नवी बसवतो, दोन्ही शेजारी ठेवायची सोय नाही. म्हणून अपडेटच्या आधी हे करा :

प्रोजेक्ट मॅनेजर उघडा, डावीकडे प्रोजेक्ट लायब्ररींची यादी काढा, आपल्या लायब्ररीच्या माहितीत जाऊन ‘बॅकअप’ घ्या आणि ती फाइल दुसऱ्या हार्ड डिस्कवर ठेवा. चालू असलेले प्रोजेक्ट वेगळे डीआरपी म्हणूनही काढा. जुन्या आवृत्तीचा इन्स्टॉलर जपून ठेवा. नवी आवृत्ती टाकल्यावर तिच्यात आधी नवीन रिकामी लायब्ररी बनवा आणि एखादा संपलेला, डिलिव्हरी झालेला प्रोजेक्ट त्यात घेऊन पाहा. मूळ लायब्ररी सगळ्यात शेवटी. लायब्ररी दोन पीसींत वाटलेली असेल तर दोन्ही एकाच दिवशी बदला, नाहीतर एकही बदलू नका.

अॅडोबीच्या प्रीमियर प्रोमध्ये जरा बरं आहे. मोठ्या आवृत्त्या एकाच पीसीवर शेजारी राहतात आणि जुना प्रोजेक्ट नव्यात उघडला की त्याची वेगळी प्रत बनते. पण अॅडोबीच्या क्रिएटिव्ह क्लाउड अॅपमधून अपडेट करताना ‘जुन्या आवृत्त्या काढून टाका’ ही खूण पुढच्या पर्यायांमध्ये लपलेली असते. ती काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. ऑटो-अपडेट तर बंदच हवं. आणि नव्या प्रतीवर केलेलं काम जुन्या आवृत्तीत परत येत नाही, हा नियम इथेही लागू आहे.

आता मुहूर्ताचा प्रश्न. रिझॉल्व्हच्या नव्या आवृत्तीचा पब्लिक बीटा गेली काही वर्षं एप्रिलमध्ये, लास वेगासच्या एनएबी या प्रसारण-व्हिडिओ तंत्रज्ञानाच्या प्रदर्शनाच्या सुमारास येतो. आवृत्ती १८ चा २०२२ मध्ये, १९ चा २०२४ मध्ये, २० चा २०२५ मध्ये, सगळे एप्रिलातच. प्रीमियरच्या मोठ्या आवृत्त्या २०२२, २०२३ आणि २०२४ मध्ये ऑक्टोबरात आल्या, म्हणजे तुळशीच्या लग्नाच्या तोंडावर. दोन्ही वेळा आपल्या कामाच्या दृष्टीने वाईट. म्हणून आमचा हट्ट आहे : अपडेट चातुर्मासात. आषाढी एकादशीला पंढरपूरची गर्दी संपली की कार्तिकीपर्यंत लग्नाचे मुहूर्त जवळजवळ नसतात. एप्रिलचा बीटा त्या काळात बहुधा पक्का होऊन त्यावर एक-दोन दुरुस्त्या येतात आणि आदल्या ऑक्टोबरातलं प्रीमियरही तोपर्यंत बरंच सुधारलेलं असतं. जानेवारीत सोलापुरातल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचं शूट असणाऱ्यांनी डिसेंबरात तर अजिबात हात लावू नये. नवं फीचर सहा महिने उशिरा मिळाल्याने कुणाचं लग्न अडत नाही.

फुटेजचा दोष सॉफ्टवेअरच्या माथी

‘नव्या आवृत्तीत आवाज मागे-पुढे होतो’ म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न : क्लिप मोबाइलची आहे का? पाहुण्यांनी काढलेले अक्षतांचे व्हिडिओ, स्क्रीन रेकॉर्डिंग, व्हॉट्सअॅपवरून आलेल्या क्लिपा, यांचा फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) बहुधा बदलता असतो. सुरुवातीला ओठ जुळतात आणि क्लिप लांब असेल तर शेवटी मंगलाष्टकं पुढे निघून जातात. क्लिप मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये टाका. फ्रेम रेट मोडसमोर ‘व्हेरिएबल’ दिसलं तर ती हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या प्रोग्राममधून काढा : व्हिडिओच्या पानावर फ्रेम रेट ३०, ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’वर खूण, दर्जाचा आकडा आरएफ १८. कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेमचा असला तरी मोबाइलची क्लिप ३० चीच ठेवा, २५ मध्ये बदलायचं काम टाइमलाइनला करू द्या. टाइमलाइनवर घेण्याआधीच हे करायचं, कट मारून झाल्यावर नाही. घाई करणारे नेमकी हीच पायरी गाळतात आणि मग प्रत्येक कट हाताने सरकवत बसतात.

दुसरी तक्रार : ‘अपडेट केल्यापासून टाइमलाइन अडकते.’ नीट विचारल्यावर कळतं की त्याच महिन्यात नवा मिररलेस कॅमेराही आला आहे आणि शूटिंग एच.२६५, १०-बिट, ४:२:२ मध्ये (घट्ट दाबलेल्या, रंगांची जास्त माहिती असलेल्या प्रकारात) चालू आहे. हे फुटेज उलगडायला खास हार्डवेअर लागतं. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या बिल्ट-इन ग्राफिक्समध्ये ते आहे. एनव्हिडियाच्या आरटीएक्स २०, ३० आणि ४० मालिकांमध्ये नाही, ५० मालिकेत २०२५ मध्ये आलं. आता दुकानात हजार-दीड हजार वाचवायला ‘एफ’ अक्षराचा प्रोसेसर घेतात, म्हणजे आय५-१२४००एफ वगैरे. त्यात बिल्ट-इन ग्राफिक्सच नसतं. वर महागडं आरटीएक्स ३०६० लावलं तरी ४:२:२ चा सगळा भार प्रोसेसरवरच पडतो. पीसी जोडून देणाऱ्याला गेमिंग कळतं, एडिटिंग नाही, हे लक्षात ठेवूनच खरेदीला जा.

तपासायचं कसं? क्लिप चालवा, टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूचा ‘व्हिडिओ डिकोड’ आलेख पाहा. तो शून्यावर आणि सीपीयू शंभरावर असेल तर डिकोडिंग हार्डवेअरवर होत नाही. प्रीमियरच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘मीडिया’त आणि रिझॉल्व्हच्या ‘डिकोड ऑप्शन्स’मध्ये हार्डवेअर डिकोडिंगची खूण आहे का बघा. बिल्ट-इन ग्राफिक्स असूनही दिसत नसेल तर बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) ते बहुधा बंद असतं, चालू करा. हार्डवेअरच नसेल तर अर्ध्या मापाच्या प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती) बनवा, डीएनएक्सएचआर एलबी या फॉरमॅटमध्ये. रात्री लावून ठेवल्या की सकाळी तयार.

खरंच क्रॅश होत असेल तर

एका वेळी एकच गोष्ट बदला. पाच गोष्टी एकदम बदलल्या की नेमकं काय लागू पडलं ते कधीच कळत नाही.

आधी रिकामा प्रोजेक्ट घ्या, कॅमेऱ्याची एकच क्लिप टाका. तिथेही पडत असेल तर प्रोजेक्टचा दोष नाही. मग प्लगइन. रिझॉल्व्हची ओएफएक्स प्रकारची प्लगइन्स सी ड्राइव्हवर प्रोग्राम फाइल्समधल्या कॉमन फाइल्समध्ये, ओएफएक्सच्या फोल्डरात असतात. त्या फोल्डरचं नाव बदला आणि रिझॉल्व्ह परत उघडा. निम्मे क्रॅश इथेच थांबतात असं आमचं मत आहे, कारण प्लगइन जुनं आणि सॉफ्टवेअर नवं अशी जोडी सगळीकडे असते. त्यानंतर प्रीमियरमध्ये रेंडरर ‘सॉफ्टवेअर ओन्ली’ करून पाहा. क्रॅश थांबला तर ग्राफिक्स ड्रायव्हर संशयित. एनव्हिडियाचा ‘स्टुडिओ’ ड्रायव्हर टाका, ‘गेम रेडी’ नको, आणि टाकताना ‘क्लीन इन्स्टॉलेशन’वर खूण करा. विंडोज अपडेट स्वतःच ड्रायव्हर बदलतं, तेही तपासा.

प्रेफरन्सेस रीसेट, म्हणजे ऑल्ट दाबून प्रीमियर उघडणं, हा लोकांचा पहिला उपाय असतो. आमचा शेवटचा. त्यात सगळी मांडणी जाते आणि एक गोष्ट हमखास बिघडते : देवनागरी. रीसेटनंतर टेक्स्ट इंजिन मूळ पदावर जातं आणि ‘श्री सिद्धेश्वर प्रसन्न’मधली जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या भलत्या जागी बसतात. सोलापूरच्या पूर्व भागातल्या लग्नांची तेलुगू आणि कन्नड टायटल्सही तशीच मोडतात. प्रेफरन्सेसमध्ये ‘ग्राफिक्स’ उघडून टेक्स्ट इंजिन ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ करा आणि टायटल नव्याने टाइप करा. आधी टाइप केलेलं आपोआप दुरुस्त होईल असं धरू नका.

थोडक्यात आटोपणाऱ्या चुका

मीडिया कॅशे (सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फाइली) सी ड्राइव्हवर ठेवणं. वेगळ्या एसएसडीवर हलवा, हंगामातून दोनदा रिकामा करा.

ऑटोसेव्ह त्याच डिस्कवर ठेवणं, जिच्यावर प्रोजेक्ट आहे. डिस्क गेली की दोन्ही जातात.

यूपीएस नसताना रेंडर लावणं. उन्हाळ्यात वीज सारखी ये-जा करते. अर्धवट लिहिलेली फाइल उघडत नाही, तो बग नव्हे.

मे महिन्यात बंद खोलीत, कॅबिनेट भिंतीला चिकटवून काम करणं. बाहेर पारा चाळिशीच्या वर असताना ग्राफिक्स कार्ड तापून स्वतःचा वेग कमी करतं. एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममध्ये तापमान बघा, कॅबिनेटची धूळ काढा, मागे वीतभर जागा सोडा.

क्रॅक केलेली आवृत्ती वापरून बगबद्दल बोंब मारणं. त्यातला कुठला दोष कंपनीचा आणि कुठला क्रॅक करणाऱ्याचा, हे कुणीही सांगू शकत नाही. रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती अल्ट्रा एचडी ६० फ्रेमपर्यंत एक्स्पोर्ट देते. साध्या फुटेजच्या लग्नाच्या कामाला ती पुरते, मग चोरीची कशाला?

तक्रार पाठवताना

‘चालत नाही’ एवढंच लिहिलेल्या तक्रारीवर कुणीही काम करू शकत नाही. बग खरा असेल तर तो नीट कळवणं हेही आपलंच काम आहे, कारण आपल्याकडच्या फुटेजवर आणि आपल्या लिपीत तो परदेशातल्या तपासणाऱ्याला दिसणारच नाही. पूर्ण आवृत्ती आणि बिल्ड नंबर लिहा, विंडोजची आवृत्ती, ग्राफिक्स कार्ड आणि ड्रायव्हरचा नंबर द्या. कुठल्या क्रमाने काय केलं की पडतं, ते पायरीपायरीने लिहा. ज्या क्लिपवर पडतं तिचे दहा सेकंद जोडा, पाहुण्यांचे चेहरे नसलेले. रिझॉल्व्हमध्ये हेल्प मेन्यूतून डायग्नोस्टिक्स लॉग डेस्कटॉपवर काढता येतो, तोही द्या. आधीच्या आवृत्तीत तीच क्लिप चालत होती का, हे आवर्जून सांगा. दुरुस्ती करणाऱ्याला सगळ्यात आधी हेच हवं असतं, आणि जुना इन्स्टॉलर जपला असेल तर अर्ध्या तासात तपासता येतं.