पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे

नागपुरात सक्करदऱ्याला माझं टेलरिंगचं दुकान आहे. तीस वर्षं लोकांच्या कमरा मोजून राहिलो. गिऱ्हाईक पँट पोटाखाली घालतं आणि ठासून सांगतं, "मास्तर, छत्तीसच ठेवा, लग्नापासून छत्तीसच आहे." त्याचं खरं असतं. पोटाखाली छत्तीसच असते. टेप चार बोटं वर सरकवला की चाळीसच्या पुढं जातो आणि गिऱ्हाईक आरशाकडे पाहायचं सोडून रस्त्याकडे पाहतं. मीही त्यातलाच. सव्वा वर्षापूर्वी वजन 88 किलो, उंची पाच फूट सहा इंच, पँट छत्तीसची, पोट साडेएक्केचाळीस. आज वजन 76, पोट 37. कसं केलं हे दुकानात रोज कोणी ना कोणी विचारते, म्हणून एकदा लिहूनच काढतो.

वजनकाट्याआधी टेप घ्या, तोही नवा. जुना कापडी टेप ताणून लांबलेला असतो, तो अर्धा इंच तुमच्या बाजूनं खोटं बोलतो. सकाळी उपाशीपोटी उभं राहायचं. शेवटची फासळी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप फिरवायचा, मागून खाली घसरू द्यायचा नाही. श्वास सोडायचा आणि मग आकडा वाचायचा. आपल्याकडे पुरुषाला 90 सेंटीमीटर, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच, आणि बाईला 80, म्हणजे साडेएकतीस, इथं धोक्याची रेघ धरतात. मी अजून रेघेच्या वरच आहे. पंधरा दिवसांतून एकदा मोजलं तरी पुरतं.

वजन आठवड्यातून एकदा, एकाच वारी, एकाच वेळी करायचं. रविवारी रात्री सावजी झालं की सोमवारी काटा किलोभर वर दाखवतो. ती चरबी नसते, मिठानं धरून ठेवलेलं पाणी असते. मे महिन्यात उलटं होते. घामानं किलो उतरते, माणूस खूश होतो, दोन तांबे पाणी प्यायलं की किलो जाग्यावर.

आता तेलाकडे येतो. माझं अर्धं काम तिथंच झालं.

घरी आम्ही चार माणसं आणि महिन्याला फल्ली (शेंगदाणा) तेलाचा पाच लिटरचा डबा. एक दिवस दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, बिलाच्या मागे हिशोब मांडला. पाच लिटर म्हणजे साडेचार किलोच्या वर तेल. चार माणसं, तीस दिवस, माणशी रोज 38 ग्रॅम. ग्रॅमला 9 कॅलरी, म्हणजे जवळपास 340. तीन पोळ्यांच्या वर झाल्या या, आणि ताटात कुठंच दिसत नाहीत. मी इकडे रात्रीची एक पोळी सोडून फुशारकी मारत होतो.

घरी बायकोला सांगितलं, "तेल कमी टाकत जा." उत्तर आलं, "कमी म्हणजे किती ते सांगा, नाहीतर तुम्हीच करून पाहा भाजी." बरोबरच होतं तिचं. मला कोणी "थोडी ढिली करा" म्हटलं तर मीही विचारतोच की किती इंच. मग डबा ओट्यावरून उचलून माळ्यावर ठेवला. खाली एक लिटरची बाटली. ती दहा दिवस पुरवायची, महिन्याला तीन लिटर. फोडणीची पळी बंद, त्याऐवजी चहाचा चमचा. कढई जाड बुडाची घेतली. कांदा चिकटायला लागला की तेल नाही, पाण्याचा हबका. वांगी-आलू आधी वाफवून घ्यायचे आणि मग फोडणीत टाकायचे. मसाला कोरडा भाजून वाटायचा. तिखट तेवढंच ठेवलं, नाहीतर घरात बंड झालं असतं. पोरगा पहिले पंधरा दिवस म्हणे, दवाखान्यातलं जेवण आहे. महिन्यानं म्हणायचं थांबला. एवढ्यात माणशी रोज सव्वाशेच्या वर कॅलरी गेल्या आणि कोणी एक घासही कमी खाल्ला नाही.

गोळाभात, म्हणजे डाळीचे गोळे घातलेला भात, सोडलेला नाही. त्यावर गरम तेल हवंच, नाहीतर गळ्याखाली उतरत नाही. फक्त जेवणाचा मोठा चमचा भरून तेल म्हणजे 120 कॅलरी, हे डोक्यात बसलं की तिसऱ्या चमच्याला हात जात नाही. सावजी रस्सा वाटीत पाच मिनिटं ठेवला की तर्री, म्हणजे तेलाचा तवंग, वर येते, ती चमच्यानं बाजूला काढून ठेवतो. हॉटेलवाला बघतो. बघू द्या.

चहाचं थोडक्यात सांगतो. दुकानात दिवसाला सहा व्हायचे, प्रत्येकात दोन चमचे साखर. आता दोन होतात, साखर एक चमचा. दीडशेच्या वर कॅलरी तिथं वाचतात. आणि संत्रं खायचं, संत्र्याचा रस प्यायचा नाही. एका ग्लासात तीन-चार संत्री जातात, तेवढी सोलून खाताना माणूस आपणच थांबतो.

आपल्याला दिवसाला किती कॅलरी लागतात हे एकदा काढून पाहा. किलोमधलं वजन गुणिले 10, त्यात सेंटीमीटरमधली उंची गुणिले 6.25 मिळवा, वय गुणिले 5 वजा करा. पुरुष असाल तर 5 मिळवा, बाई असाल तर 161 वजा करा. बसून काम असेल तर आलेल्या आकड्याला 1.2 नं गुणा. माझं 2000 च्या आसपास आलं. त्यातून तीन-चारशे कमी खायचं, याहून जास्त ओढायचं नाही. किलोभर चरबी म्हणजे सुमारे 7700 कॅलरी. माझ्या हिशोबानं चालणं न धरताही महिन्याला सव्वा-दीड किलो जायला पाहिजे होतं. गेलं सरासरी पाऊण किलो. बाकीचं लग्नसराईनं आणि दिवाळीनं खाल्लं. हिशोब काटेकोर ठेवला तरी असंच होते, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

चालण्याबद्दल लोकांचा गैरसमज फार. मी रोज पहाटे रेशीमबागेच्या मैदानावर चालतो, रविवारी अंबाझरीला. माझ्या वजनाच्या माणसाचे पाच किलोमीटर चालून अडीचशे-तीनशे कॅलरी जातात. चालून झालं की सगळे पोह्याच्या ठेल्यावर. एक प्लेट तर्री पोहे, वरून चणे, वरून पुन्हा तर्री, "भाऊ, जरा रस्सा टाका अजून" हे धरून साडेतीनशे-चारशे. म्हणजे चालून आलेला माणूस घरी झोपलेल्यापेक्षा शंभरानं पुढं! पोहे खा, पण त्याला नाश्ता म्हणा. घरी जाऊन दुसरा नाश्ता नको. चालण्यानं माझं वजन कमी उतरलं, पण उतरलेलं परत चढलं नाही ते चालण्यामुळंच. शिवाय झोप लागते, साखर ताब्यात राहते. आठवड्याला किमान 150 मिनिटं तरी पाहिजेत, तीही बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगानं.

एप्रिल-मेमध्ये साडेपाचला बाहेर, साडेसहाला घरात. नागपूरचं ऊन पंचेचाळीसला टेकते, आणि संध्याकाळी सातलाही डांबर वाफा सोडत असते. त्या दिवसांत संध्याकाळचं चालणं घरातल्या जिन्यावर करा.

दुसरी गोष्ट ताकदीची. नऊ वर्षांपूर्वी मी पायमशिनीला मोटर बसवली. पोट त्यानंतरच सुटलं. सगळा दोष मोटरचा नाही, पण दिवसभर हलणारे पाय थांबले हे खरं. आता कटिंग मी स्वतः उभ्यानं करतो, पोरगा शिलाई करतो. आठवड्यातून दोन दिवस खुर्चीतून हात न लावता उठणं-बसणं दहा वेळा, भिंतीला हात टेकून दंड दहा, कापडाचे तागे खालून उचलून फळीवर. असं तीनदा. गुडघा दुखत असेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. खाणं कमी केलं आणि ताकदीचं काम केलं नाही तर चरबीबरोबर मांसही जाते. त्यासाठीच रोजच्या जेवणात घट्ट वरण, झुणका, अंडी किंवा सोयाबीन वडी, यांतलं काहीतरी दोन्ही वेळा ठेवतो. नुसत्या पातळ वरणात डाळ किती असते ते वाटीच्या तळाशी पाहा.

पावडरीचाही अनुभव घेतला, लपवत नाही. एका ठिकाणी साडेचार हजार भरले, महिन्यात पाच किलो उतरलं, तीन महिन्यांत सहा चढलं. पावडर संपली की काय खायचं हे त्यांनी सांगितलंच नव्हतं.

शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन सुरू असेल तर जेवण कमी करायच्या आधी डॉक्टरला विचारा, साखर एकदम खाली जाऊ शकते. बीपीच्या गोळीवरचा माणूस बारीक होता होता उभं राहताना गरगरायला लागला तरी तेच, गोळीचा डोस पाहावा लागतो.

आता माझ्या धंद्याचं. महिन्याभरात पँट ढिली झाली म्हणून लगेच अल्टरला आणू नका, बेल्टचं एक भोक वाढवा आणि चार-सहा महिने थांबा. मागच्या शिवणीतून दोन इंचांपर्यंत आत घेता येते. त्याच्या वर घेतलं तर मागचे दोन्ही खिसे एकमेकांना भेटायला येतात, मग नवीच शिवावी लागते. आणि टेलरला सांगा, आतली माया, म्हणजे शिवणीतलं जादा कापड, कापू नको. मी माझ्या तीन पँटींची अजून कापलेली नाही.