पाट्यांवरची नावं: टायटल डिझायनर व्हायचं असेल तर

मुंबईतल्या मराठी एडिट रूममध्ये टायटल सीक्वेन्सला, म्हणजे सिनेमा-मालिकेत नावं दाखवणाऱ्या भागाला, अजूनही ‘पाट्या’ म्हणतात. ‘पाट्या कधी देतेस?’ असा फोन आला की समजायचं, एडिट लॉक झालं, आता संकलनात बदल होणार नाही. ‘श्रेयनामावली’ हा शब्द मी फक्त करारात वाचला आहे. गेली अकरा वर्षं मी या पाट्या करते. आधी मालिकांच्या केल्या, मग काही सिनेमांच्या, आता जास्त करून वेबसीरिजच्या. नवीन मुलंमुली भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुठलं सॉफ्टवेअर शिकू? ते सांगेनच, पण आधी एका आडनावाबद्दल सांगते.

माझ्या पहिल्या सिनेमाच्या रोलरमध्ये, म्हणजे शेवटी खालून वर सरकणाऱ्या यादीत, लाइट विभागातल्या एका दादांचं ‘गोळे’ हे आडनाव ‘गोले’ असं गेलं. प्रॉडक्शनकडून यादी रोमन लिपीत आली होती. तिथे ‘ळ’ आणि ‘ल’ एकच दिसतात. मी अंदाजाने देवनागरीत उतरवलं आणि विचारायचं राहून गेलं. सिनेमा लागल्यावर दादांचा फोन आला. ते रागावले नव्हते. म्हणाले, “ताई, आईला घेऊन गेलो होतो. ती विचारत होती, हे तुझंच नाव ना?” तोवर डीसीपी, म्हणजे थिएटरला जाणारी डिजिटल प्रत, सगळीकडे पोचली होती. चूक सुधारली ती ओटीटीसाठी दिलेल्या प्रतीत, चार महिन्यांनी. थिएटरमध्ये त्यांच्या आईने पाहिलं ते ‘गोले’च.

तेव्हापासून यादी मी देवनागरीतच मागते. प्रत्येक विभागप्रमुखाने ती वाचून सही केल्याशिवाय एकही कार्ड, म्हणजे नावाची एक पाटी, रेंडरला (अंतिम चित्र तयार करायला) लावत नाही. शंका असली तर त्या माणसाला स्वतःचं नाव कागदावर लिहून फोटो पाठवायला सांगते. काळे की काले, साने की साणे, हे गुगल सांगणार नाही. या कामात तुमच्या हातात लोकांची नावं असतात आणि बाकीची सगळी कला त्या नावांभोवती उभी राहते, असं माझं ठाम मत आहे.

ही कला तशी तरुण आहे. १९५५ मध्ये अमेरिकी डिझायनर सॉल बास यांनी ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’ या सिनेमासाठी कागदी कातरकामासारख्या काळ्या हाताचं टायटल केलं. त्या काळी नावं सरकत असताना थिएटरचा पडदा बंद ठेवायची रीत होती, म्हणून त्या रिळांच्या डब्यांवर सूचना लिहिली होती: पाट्या सुरू होण्याआधी पडदा उघडा. १९९५ मध्ये काइल कूपर यांनी ‘सेव्हन’च्या टायटलमध्ये हाताने खरवडलेली अक्षरं वापरली आणि तेव्हापासून जगभरच्या थ्रिलरना तशीच थरथरती अक्षरं हवी असतात. हे सगळं बघाच. पण रेफरन्स म्हणून फक्त तेवढंच बघितलं तर मराठी टायटल करताना अडकाल. कसं, ते सांगते.

इंग्रजी टायटल बघून आपण पहिली गोष्ट उचलतो ती अक्षरांतलं मोकळं अंतर. रोमन अक्षरं मुळात सुटी, त्यांना ते शोभतं. देवनागरीत अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचा शब्दपणाच जातो. मोकळेपणा हवा असेल तर तो शब्दाच्या बाहेर, रिकाम्या जागेतून मिळवा. दुसरी गोष्ट, एकेक अक्षर उमटवणारे तयार प्रीसेट. ते देवनागरीवर लावले की वेलांटी एकीकडे आणि व्यंजन दुसरीकडे जातं, जोडाक्षर फुटतं. मी नाव इलस्ट्रेटर या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये लावते, आउटलाइन करते (अक्षरांचे नुसते आकार करते) आणि अक्षरगट हाताने वेगळे करून मगच आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये नेते. वेळ जातो, जाऊ द्या. थेट आफ्टर इफेक्ट्समध्ये टाइप करायचं असेल तर प्रेफरन्सेसमधलं टेक्स्ट इंजिन दक्षिण आशियाई लिप्यांच्या पर्यायावर ठेवा, नाहीतर ‘क्षितिज’चं काय होतं ते बघवत नाही.

फॉन्ट निवडताना ‘गोऱ्हे’ आणि ‘कुऱ्हाडे’ लिहून बघा. तो ‘ऱ्ह’ नीट आला नाही तर फॉन्ट मराठीच्या कामाचा नाही. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात का तेही तपासा. पुष्कळ फॉन्टमध्ये हिंदी वळणाचे येतात आणि प्रेक्षकाला काहीतरी परकं वाटतं, काय ते सांगता येत नाही. सुरुवातीला मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा, मुक्त परवान्यातला ‘मुक्त’ हा फॉन्ट घ्या. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेली यादी आली तर युनिकोडमध्ये केलेल्या रूपांतरावर विसंबू नका, ओळ न् ओळ वाचा. सिनेमाचं मुख्य नाव मात्र फॉन्टमधून काढू नये, ते रेखाटावं. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली अक्षरं बघा. नाटक विनोदी की गंभीर, हे नावाच्या वळणावरूनच कळायचं.

आता सॉफ्टवेअर. आफ्टर इफेक्ट्स, इलस्ट्रेटर, फोटोशॉप एवढ्यावर नोकरी मिळते. थ्रीडीसाठी ब्लेंडर फुकट आहे. शिक्षणाचं म्हणाल तर मुंबईत जे. जे.चा उपयोजित कला विभाग आहे आणि पवईला आयआयटीतलं आयडीसी हे डिझाइनचं केंद्र, १९६९ पासूनचं, तिथे बी.डेस. या पदवीला यूसीड आणि एम.डेस. या पदव्युत्तर पदवीला सीड परीक्षा. मी यांपैकी कुठेच शिकले नाही. अंधेरीत एका पोस्ट-प्रॉडक्शन स्टुडिओत ज्युनियर मोशन ग्राफिक्स आर्टिस्ट म्हणून लागले. डोंबिवलीहून फास्ट लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने आझाद नगर, मग चालत वीरा देसाई रोड. दोन वर्षं प्रोमोंच्या खालच्या पट्ट्याच केल्या. त्यातून एक कळलं: कार्ड पडद्यावर किती वेळ राहिलं म्हणजे ते वाचून होतं. एका नावाला साधारण दोन ते तीन सेकंद लागतात, आणि मराठी आडनावासकट पूर्ण नाव असेल तर तीनच धरा.

काम कसं चालतं? आधी रफ कट, म्हणजे सिनेमाचं कच्चं संकलन, बघायचा, पूर्ण. मग दोन-तीन स्टाइल फ्रेम (टायटल कसं दिसेल त्याची नमुनाचित्रं), त्यावर दिग्दर्शकाशी भांडण, मग स्टोरीबोर्ड, संगीतावर ॲनिमॅटिक (स्टोरीबोर्डची चित्रं वेळेत लावून केलेला कच्चा व्हिडिओ) आणि शेवटी ॲनिमेशन. एक मिनिटाच्या टायटलला मला पाच-सहा आठवडे लागतात. मालिकेत तेवढे मिळत नाहीत. तिथे शीर्षकगीत आधी येतं आणि चित्रं त्याच्यामागे धावतात. वेबसीरिजला टेक्स्टलेस प्रत, म्हणजे अक्षरांशिवायची, वेगळी द्यावी लागते, कारण दुसऱ्या भाषेतली नावं तिच्यावर चढतात. त्यामुळे अक्षरं आणि चित्र पहिल्या दिवसापासून वेगळ्या लेयरवर ठेवा.

रोलरला कोणी मान देत नाही. मी देते. सिनेमाला सेकंदाला २४ फ्रेम, आपल्याकडे टीव्हीला २५. रोलर दर फ्रेमला पूर्ण आकड्यातच सरकवा, दोन पिक्सेल किंवा तीन. अडीच ठेवलं की अक्षरं थरथरतात. १०८० उंचीच्या पडद्यावर तीनच्या वेगाने एक ओळ खालून वर जायला १५ सेकंद लागतात. निर्माता ‘जरा पळव’ म्हणाला तर हाच हिशेब मांडा आणि हवं तर दोन नावांमधली जागा कमी करा.

पैशांबद्दल मी उशिरा शिकले. एका निर्मितीसंस्थेने माझ्याकडून तीनदा स्टाइल फ्रेम करून घेतल्या आणि टायटल घरच्या घरी उरकलं. त्यातली एक कल्पना मला पडद्यावर ओळखू आली. आता पिचला, म्हणजे काम मिळवण्यासाठी कल्पना दाखवताना, मी दोनच फ्रेम देते आणि त्यांचेही पैसे घेते. निम्मं मानधन आगाऊ, बदलांच्या दोन फेऱ्या, यादी लॉक झाल्यावर आलेल्या नावांचं बिल वेगळं, आणि ‘टायटल डिझाइन’ म्हणून माझं नाव. हे चारही मेलवर लिहून घेते. टीडीएस कापला जातो, तो विवरणपत्रात बघा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते.

शोरीलसाठी, म्हणजे स्वतःच्या कामाचे नमुने दाखवणाऱ्या व्हिडिओसाठी, काम नाही म्हणून अडून बसू नका. घरातली एखादी लग्नपत्रिका घ्या. तिच्यात पंचवीस-तीस नावं असतात, मानपान असतो, कोण आधी कोण नंतर हे आधीच ठरलेलं असतं, कोणाला ‘चि.’, कोणाला ‘ती.’, कोणाला ‘कै.’. टायटलच्या यादीत असतं ते सगळं त्यात आहे. तिचं चाळीस-पन्नास सेकंदांचं टायटल करा, २४ फ्रेमवर, शिरोरेषा कुठेही न तोडता. पंचवीस नावांना एकेक कार्ड दिलं तर वेळ पुरणार नाही, तेव्हा कोणाला स्वतंत्र कार्ड आणि कोणाला एकत्र, हे तुम्हालाच ठरवावं लागेल. मग ते आजीला एकदाच दाखवा आणि कुठलं नाव वाचायचं राहिलं ते विचारा.