आमदारकीचं स्वप्न असेल तर आधी तालुक्याच्या कोर्टात या

लॉ कॉलेजात जाणाऱ्या आमच्याकडच्या बऱ्याच मुलामुलींच्या मनात पुढे कधीतरी निवडणूक लढवायचं असतं. त्यात वावगं काहीच नाही. यवतमाळ जिल्ह्यात ही वाट जुनी आहे. गहुलीचे वसंतराव नाईक नागपूरला कायदा शिकले, अमरावतीत पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली वकिलीची उमेदवारी केली, मग पुसदला वकिली. तिथलेच नगराध्यक्ष झाले, १९५२ साली आमदार आणि १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री. आधी कोर्ट, मग नगरपालिका, मग विधानसभा, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. मी तालुका कोर्टात वकिली करते आणि हिवाळी अधिवेशनासाठी आमच्या भागातल्या एका आमदारांना प्रश्न तयार करून देते. दोन्ही कामं एकमेकांत किती गुंतलेली आहेत ते रोज दिसतं, म्हणून हे लिहिते आहे.

शिक्षणाचं थोडक्यात सांगते. पदवीनंतर ३ वर्षं किंवा बारावीनंतर ५, दोन्हीकडे सीईटी. पुढे बार कौन्सिलची सनद, म्हणजे वकील म्हणून नोंदणी, आणि अखिल भारतीय बार परीक्षा. नोंदणीच्या नावाखाली कुणी हजारो रुपये मागत असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २०२४ चा निकाल दाखवा. कायद्यातली फी खुल्या प्रवर्गाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये आहे, त्याहून जास्त घेता येत नाही.

खरं शिक्षण सीनियरकडे. सुरुवातीला हाती जेमतेम बसभाडं येतं, घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा. पेशीला, म्हणजे सुनावणीला, उभं राहून तारीख घ्यायची, कागदांच्या नकलेचा अर्ज टाकायचा, रोजनामा, म्हणजे कोर्टातल्या कामाची रोजची नोंद, वाचायचा. आणि पक्षकाराचं ऐकायचं. "वकीलबाई, त्यानं धुरा कोरला न पांदणही नांगरली, आता वावरात बंडी कशी नेऊ?" या एका वाक्यात दोन वेगळी प्रकरणं आहेत. धुऱ्यासाठी, म्हणजे शेताच्या बांधासाठी, सरकारी मोजणी लागेल. पांदणीसाठी, म्हणजे शेतात जायच्या वाटेसाठी, तहसीलदाराकडे अर्ज, मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली, आणि तेही अडवल्यापासून ६ महिन्यांत. रस्ता मुळात नव्हताच आणि बांधावरून नवा हवा असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३. नवे वकील इथे गल्लत करतात आणि शेतकऱ्याची पेरणी हुकते.

सावकारीची प्रकरणं तर शिकायलाच हवीत. कर्जापोटी करून घेतलेलं खरेदीखत हे खरेदीखत म्हणून बघू नका. २०१४ च्या सावकारी कायद्याच्या कलम १८ खाली सावकारीच्या जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो आणि अर्जाआधीच्या १५ वर्षांतला व्यवहार तपासून जमीन परत देण्याचा आदेश निघू शकतो. नवऱ्यामागे वावर सांभाळणाऱ्या बाया हे सगळं पुरुष वकिलापुढे मोकळेपणी बोलत नाहीत. म्हणून मुलींनी तालुक्यात वकिली करावी, असं मला अगदी मनापासून वाटतं.

आता विधानमंडळ. आमदाराचं काम म्हणजे लग्नांना हजेरी आणि समाजमंदिराचं भूमिपूजन, असं गावात धरून चालतात. २८८ जणांच्या विधानसभेत विदर्भाचे ६२ आमदार आहेत आणि त्यांच्या हातातली मोठी ताकद प्रश्न विचारण्याची आहे. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात तो, ठरावीक साच्यात असतो: अमुक घडले हे खरे आहे काय, असल्यास, कोणती कार्यवाही केली, नसल्यास, विलंबाची कारणे काय? साक्षीदाराच्या उलटतपासाची सवय असलेला माणूस हा प्रश्न नेमका बांधतो. "पांदण रस्त्यांचं काय झालं?" असं मोघम विचारलं तर "कार्यवाही सुरू आहे" एवढंच उत्तर येतं. कलम ५ खालचे किती अर्ज कोणत्या तहसीलमध्ये किती दिवस पडून आहेत, असं विचारलं की खात्याला आकडे द्यावे लागतात. आणि उपप्रश्नाची, म्हणजे उत्तरानंतर लगेच विचारायच्या प्रश्नाची, तयारी मूळ प्रश्नाच्या आधी हवी. मंत्री काय उत्तर देतील ते धरूनच तो लिहायचा.

निवडून आल्यावर वकिली सोडावी लागते का, हे नेहमी विचारलं जातं. आमदार पूर्णवेळ पगारी नोकर नाही, त्यामुळे पगारी नोकराला वकिली करता येत नाही हा बार कौन्सिलचा नियम त्याला लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. माझं मत विचाराल तर ज्या प्रश्नावर सभागृहात बोलणार, त्यातल्या पक्षकाराचं वकीलपत्र घेऊ नये.

उमेदवारीला वय २५ पूर्ण हवं. अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना निम्मी. खर्चाची मर्यादा ४० लाख. हा आकडा ऐकून गरिबाघरची पोरं खचतात, म्हणून मी त्यांना आधी ग्रामपंचायत, नगरपालिका, बाजार समिती दाखवते. तिथे अनुभव स्वस्तात मिळतो आणि लोकही तुम्हाला ओळखू लागतात.

डिसेंबरात अधिवेशन नागपूरला भरलं की आपल्या आमदारांच्या कार्यालयातून प्रेक्षक गॅलरीचा पास मागा. प्रश्नोत्तराचा तास बघा. त्या दिवसाची प्रश्नांची यादी मिळाली तर आपल्या तालुक्याचा प्रश्न शोधा, नसेल तर घरी येऊन तो साच्यात लिहून काढा आणि आमदारांना नेऊन द्या.