टाचदुखीत या चुका टाळा: अनवाणी लादी, बिब्बा आणि ‘हाड वाढलंय’

चतुर्थीच्या पहाटे आमची काकू उठली आणि खाटेवरच बसून राहिली. “पाय टेकवक जमना नाय गो!” भिंतीला धरून दहा-बारा पावलं टाकल्यावर कळ ओसरली. पाय मोकळा झाला म्हणत ती मोदकांना लागली आणि रात्रीपर्यंत लादीवर अनवाणी उभी राहिली. दुसऱ्या दिवशी दुखणं दुप्पट.

कळ ओसरली म्हणजे बरं झालं, हीच पहिली चूक. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळव्याखाली एक चिवट पट्टा असतो, प्लांटार फॅसिया. टाचेशी त्याच्यावर सतत ताण पडून तो दुखावतो. रात्री तो आखडतो आणि सकाळच्या पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो. म्हणून व्यायाम खाटेवरच, पाय खाली सोडण्याआधी करायचा. दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, बोटं हाताने नडगीकडे ओढा, दहापर्यंत मोजा, सोडा. असं 10 वेळा, दिवसातून तीनदा. पोटरी आखडलेली असली तर पट्ट्यावरचा ताण वाढतो, तेव्हा भिंतीला हात टेकून मागचा गुडघा सरळ आणि टाच जमिनीला चिकटलेली ठेवून तीस सेकंद पोटरीही ताणा.

चप्पल उंबऱ्याबाहेर, हा आपला रिवाज. पूर्वी घरात सारवलेली जमीन होती, आता टाइल्स आहेत, आणि अख्खा दिवस त्यावर अनवाणी. काकूला स्वयंपाकघरात चप्पल पटेना. शेवटी देवघरात न्यायची नाही आणि अंगणातही नाही, अशी घरापुरती वेगळी जोडी आणली. मऊ, पण टाच किंचित उंच आणि तळव्याच्या कमानीला आधार देणारी. झिजलेली सपाट रबरी स्लीपर यासाठी उपयोगाची नाही. बरं वाटेल म्हणून किनाऱ्यावरच्या भुसभुशीत वाळूत अनवाणी चालणंही सध्या नको. टाच रुतते आणि पट्टा आणखी ताणला जातो.

बिब्ब्याबद्दल मात्र कळकळीने सांगते: टाचेला बिब्बा लावू नका. त्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात. तापल्या विटेवर रुईचं पान ठेवून टाच दाबणंही धोक्याचं, मधुमेहामुळे पाय बधिर असेल तर फारच. चटका बसलेला कळतही नाही. त्यापेक्षा पाण्याची बाटली बर्फ करून, फडक्यात गुंडाळून, तळव्याखाली दहा मिनिटं फिरवा. पाय बधिर असणाऱ्यांनी तेही नको.

एक्स-रेमध्ये हाड वाढलेलं दिसलं की लोक घाबरतात. तसं हाड असूनही टाच अजिबात न दुखणारी माणसं पुष्कळ असतात, तेव्हा ते कापायच्या मागे लागू नका. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो, पण ते पुन्हा पुन्हा घेतल्यास पट्टा फाटू शकतो आणि टाचेखालची चरबीची गादी झिजू शकते.

आणि पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून व्यायाम सोडू नका. बहुतेकांना बरं वाटतं, पण त्याला महिने लागतात, कधी वर्षही. वजन जास्त असेल तर थोडं उतरलं तरी टाचेला हलकं वाटतं.

टाच सुजून लाल झाली, ताप आला, मुंग्या येतात, विश्रांतीतही ठणकते किंवा दोन्ही बाजूंनी दाबल्यावर हाडात कळ येते, तर घरचे उपाय थांबवून हाडांच्या डॉक्टरांकडे जा.