छोटं गिटार कॅबिनेट कसं निवडावं

छोटं कॅबिनेट, म्हणजे ज्यात फक्त स्पीकर बसवलेला असतो तो खोका, घ्यायचंय म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला: ‘वाजवून बघ, कानाला बरं वाटेल ते घे.’ या सल्ल्यावर मी एकदा फसलोय. वाजवून बघायचंच आहे, पण ती शेवटची पायरी. तुमच्या अ‍ॅम्पला (अ‍ॅम्प्लिफायरला) ते कॅबिनेट चालणार आहे की नाही, हे कान सांगत नाहीत.

आधी आकार. बारा इंची एकच स्पीकर असलेलं, म्हणजे १×१२, एवढंच घ्या. दहा इंची चालून जातं, त्याचा ठोका चपळ असतो. आठ इंची घरात हळू वाजवायला ठीक; ड्रमसोबत ते फक्त किणकिणतं.

तुम्ही मॉडेलर, म्हणजे अ‍ॅम्पच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारं यंत्र, वापरत असाल आणि त्यातलं कॅबिनेट सिम्युलेशन, म्हणजे कॅबिनेटच्या आवाजाची नक्कल, चालू ठेवणार असाल, तर हे कॅबिनेट घेऊच नका. गिटारचा स्पीकर साधारण ५००० हर्ट्झच्या वर झपाट्याने गळतो. सिम्युलेशनने ते काम आधीच केलेलं असतं, त्यामुळे दोनदा गाळलेला आवाज गोधडीखालून आल्यासारखा वाटतो. एक तर सिम्युलेशन बंद करा, नाहीतर एफआरएफआर, म्हणजे खालपासून वरपर्यंतचे सगळे सूर सारखेच वाजवणारा, स्पीकर घ्या.

आता ओहम, म्हणजे स्पीकर करंटला किती अडवतो त्याचं माप. इथे घाई करू नका.

कॅबिनेट ४, ८ किंवा १६ ओहमचं असतं. तुमचा अ‍ॅम्प सॉलिड स्टेट, म्हणजे ट्रान्झिस्टरवर चालणारा, असेल, तर त्याच्या पाठीवर ‘किमान ४’ किंवा ‘किमान ८’ असं लिहिलेलं असतं. त्या आकड्याएवढं किंवा त्याहून जास्त ओहमचं कॅबिनेट लावलं तर अ‍ॅम्पला धोका नाही, फार तर ताकद थोडी कमी मिळेल. त्याहून कमी लावलं की अ‍ॅम्पमधून जास्त करंट ओढला जातो आणि तो तापतो. ट्यूब अ‍ॅम्पचं, म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या अ‍ॅम्पचं, गणित वेगळं. तिथे ट्यूब आणि स्पीकरच्या मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर बसलेला असतो, म्हणून अ‍ॅम्पवरचा ओहमचा खटका आणि कॅबिनेटचा आकडा जुळलाच पाहिजे. ‘एक पायरी इकडेतिकडे चालतं’ असं सांगणारे खूप भेटतील. त्यांना विचारा, ट्रान्सफॉर्मर जळला तर भरून देणार का? आणि कॅबिनेट न जोडता ट्यूब अ‍ॅम्प वाजवणं तर सर्वांत वाईट. ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज इतकं चढतं की आतल्या आतच ठिणगी पडू शकते.

इथवरचं सगळं मला पाठ होतं. तरीही फसलो, कारण मी स्टिकरवर विश्वास ठेवला. जुनं १×१२ घेतलं, पाठीवर स्वच्छ ‘८ ओहम’ लिहिलेलं, माझं हेड (स्पीकर नसलेला नुसता अ‍ॅम्प) सॉलिड स्टेट, किमान ८ चं. घरी उत्तम वाजलं. तालमीत मात्र वीसेक मिनिटांनी हेड गप्प व्हायचं, थंड झालं की पुन्हा सुरू. महिनाभर मी हेडला शिव्या घातल्या, प्लग बदलले, मागे पंखासुद्धा लावून पाहिला. शेवटी कॅबिनेटची पाठ उघडली. स्क्रूंची डोकी आधीच कुरतडलेली होती, तिथेच समजायला हवं होतं. आतला स्पीकर कुणीतरी बदललेला, आणि त्याच्या चुंबकावर मार्करने लिहिलं होतं: ४.

तेव्हापासून मल्टिमीटरशिवाय मी जुनं कॅबिनेट बघायलाही जात नाही. तुम्हीही जाऊ नका. केबलचं एक टोक कॅबिनेटमध्ये घाला, दुसरं अ‍ॅम्पला न लावता मोकळं ठेवा. मीटरची एक पिन त्या जॅकच्या टोकाला, दुसरी दांड्याला लावा. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर ८ दाखवत नाही, साधारण ६ ते ७ दाखवतो. १६ चा बारा-तेराच्या आसपास, ४ चा तीन-साडेतीन. ६.५ बघून ‘हा खराब आहे’ म्हणत भाव पाडणारे महाभाग मी पाहिलेत. तसं करू नका, आकडा बरोबरच आहे. मीटर लावलेला असतानाच शंकूवर बोटांनी अगदी हलका, सगळीकडून सारखा दाब द्या. आकडा उडी मारतो, म्हणजे शंकूमागची तारेची कॉइल जिवंत आहे. दाबताना खरखर लागली तर कॉइल चुंबकाला घासतेय. ते कॅबिनेट तिथेच ठेवा आणि निघा.

मागे दोन जॅक असले तर दुसरा बहुतेक वेळा पुढच्या कॅबिनेटसाठी असतो, आणि जोडणी समांतर होते. म्हणजे ८ ला ८ जोडलं की अ‍ॅम्पला ४ दिसतात. पुढेमागे दोन कॅबिनेट लावायचा विचार असेल आणि अ‍ॅम्प किमान ८ चा असेल, तर आत्ताच १६ चं घ्या.

वॅटचा आकडा म्हणजे स्पीकरची सहनशक्ती, आवाजाचा मोठेपणा नव्हे. एकच स्पीकर असल्यामुळे सगळा मार त्यालाच खावा लागतो. त्यात ट्यूब अ‍ॅम्प पूर्ण ताणला की लिहिलेल्या वॅटपेक्षा बराच जास्त देतो, म्हणून मी अ‍ॅम्पच्या दुप्पट वॅटचा स्पीकर धरतो. सेलेस्टियनचा ग्रीनबॅक २५ वॅटचा आहे. २० वॅटच्या ताणलेल्या हेडला तो एकटा मी लावणार नाही. त्याच कंपनीच्या व्हिंटेज ३० च्या नावातला ३० बघून फसू नका, तो ६० वॅटचा आहे.

आवाज किती मोठा होणार, हे सांगतो डेसिबलचा आकडा, म्हणजे एका वॅटला एका मीटरवर किती आवाज. व्हिंटेज ३० चा १००, क्रीमबॅक ६५ चा ९७. तीनच डेसिबलचा फरक दिसतो, पण तो भरून काढायला अ‍ॅम्पचे वॅट दुप्पट करावे लागतात. छोटा अ‍ॅम्प बँडमध्ये ऐकू येत नसेल, तर नवा अ‍ॅम्प शोधण्याआधी हा आकडा बघा. उलट घरीच वाजवणार असाल तर कमी डेसिबलचा स्पीकर बरा.

पाठ उघडी की बंद? उघड्या पाठीचा आवाज मागूनही निघतो, खोलीभर पसरतो, पण खर्ज सैल होतो. भिंतीला चिकटवून ठेवलंत तर सगळी मजा गेली. बंद पाठीचा खर्ज घट्ट आणि मारा सरळ समोर. लहान खोका पूर्ण बंद केला की स्वच्छ आवाज डब्यात बोलल्यासारखा होतो, असं माझं ठाम मत आहे. पाम म्यूटचे (तळहाताने तारा दाबून वाजवलेले) जड ठोके हेच तुमचं संगीत असेल तर बंद घ्या. बाकीच्यांनी मागची फळी काढता येणारं बघावं.

लाकूड: प्लायवूड. भुशाच्या बोर्डाला स्क्रू दोनदा काढले की भोकं सैल पडतात, आणि ओलाव्याने तो फुगतो.

केबल: स्पीकरचीच. गिटारची केबल दिसायला तशीच असते, पण तिच्या आतली तार बारीक आणि शील्डवाली. अ‍ॅम्पची ताकद वाहून न्यायला ती बनलेलीच नाही.

आता वाजवून बघा, स्वतःचंच हेड घेऊन, तालमीत वाजवता तेवढ्याच मोठ्याने. आणि कॅबिनेट जमिनीवर ठेवून समोर उभं राहून ऐकू नका. तीव्र सूर स्पीकरच्या नाकासमोर सरळ जातात, म्हणजे तुमच्या गुडघ्यांवर आदळतात. कान स्पीकरच्या उंचीला आणा, नाहीतर कॅबिनेट मागे कलतं करा. उभ्याने गोड वाटलेलं कॅबिनेट तिथे कर्कश निघालं, तर पहिल्या रांगेतल्यांना तेच ऐकू येणार आहे.