फेरारी एफ ३५५: इंजिन खाली उतरवण्याआधीची तयारी

१९९४ ते १९९९ या काळातल्या एफ ३५५चे टायमिंग बेल्ट (क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारे कॅमशाफ्ट यांची चाल जुळवणारे पट्टे) बदलायचे तर इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा सबफ्रेम एकत्रच गाडीखालून काढावे लागतात. सगळ्या कामात बेल्ट बदलणंच सोपं. मेहनत जाते ती बेल्टपर्यंत पोचण्यात. म्हणून इंजिन बाहेर असताना आणखी काय उघडायचं, हे पाना हातात घेण्याआधी ठरलेलं हवं.

तपासणी गाडी चालती असतानाच करा. रात्रभर थंड राहिलेलं इंजिन सुरू करून एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा आवाज ऐका. सुरुवातीला टिकटिक होते आणि तापल्यावर मंदावते, असं असेल तर मॅनिफोल्डला तडा गेल्याचा संशय घ्या. या गाडीचं हे जुनं दुखणं आहे, आणि तडा बाहेरच्या आवरणाखाली असल्यामुळे सहसा दिसत नाही. तड्यातून हवा आत ओढली गेली की ऑक्सिजन सेन्सरला मिश्रणात पेट्रोल कमी वाटतं आणि ईसीयू (इंजिनाचा नियंत्रक संगणक) गरज नसताना ते वाढवतो.

मग आठही सिलिंडरची कॉम्प्रेशन चाचणी आणि लीकडाउन चाचणी (सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून किती गळते ते मोजणं) गरम इंजिनावर घ्या आणि आकडे लिहून ठेवा. गळती १० टक्क्यांच्या आत असेल तर काळजी नको. २०च्या पुढे गेली तर हवा कुठून निसटते ते शोधा: ऑइल भरायच्या तोंडातून येत असेल तर पिस्टन रिंग, कूलंटमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. एक्झॉस्टमधून फुसफुस आली तर व्हॉल्व्ह गाइडकडे (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळीकडे) लक्ष द्या. सुरुवातीच्या गाड्यांतले कांस्याचे गाइड लवकर झिजतात, आणि गाइड सैल झाला की व्हॉल्व्ह सीटवर नीट बसत नाही. एका सिलिंडरला पाच म्हणजे एकूण ४० व्हॉल्व्ह, त्यामुळे हेड काढायचं की नाही यावर सगळा खर्च आणि वेळ फिरतो. तो निर्णय इथेच घ्या, इंजिन ट्रॉलीवर आल्यावर नाही.

भाग चॅसिस नंबर देऊनच मागवा. आधीच्या गाड्यांत इंजिन नियंत्रणाची मोट्रॉनिक २.७ प्रणाली आहे, नंतरच्यांत ५.२, आणि सेन्सर व वायरिंग दोन्हींत वेगळं आहे. यादीत बेल्टबरोबर टेन्शनरची (बेल्टला ताण देणाऱ्या भागाची) बेअरिंग, कॅमशाफ्टची सगळी ऑइल सील, क्रँकचं पुढचं सील, कॅम कव्हर गॅस्केट, स्पार्क प्लग, अल्टरनेटर व एसीचे बेल्ट, थर्मोस्टॅट आणि फिल्टर हवेतच. कूलंट आणि पेट्रोलचे रबरी होज क्लिपांसकट नवे घ्या. वरून चांगला दिसणारा होजही आतून कडक झालेला असतो, आणि गरम इंजिनावर पेट्रोल गळलं की आगीचा धोका असतो. पाण्याच्या पंपाच्या निचऱ्याच्या भोकापाशी वाळलेल्या कूलंटचा डाग असेल तर पंपही उघडा. ड्राय संप (ऑइल इंजिनाखाली न साठता वेगळ्या टाकीत राहतं) असल्यामुळे ऑइल ११ लिटरच्या आसपास लागतं. क्लच मात्र या यादीत आणू नका: तो गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला आहे आणि इंजिन जागेवर असतानाही बदलता येतो.

इंजिन उतरवायच्या दिवसापर्यंत टाकीत पेट्रोल कमीत कमी राहू द्या. इंधनाचा दाब सोडा, बॅटरी तोडा. एसीच्या पाइपा सोडायच्या असतील तर गॅस आधी मशीनने काढून घ्या. इंजिन सुटलं की गाडीचं वजन पुढे झुकतं, म्हणून दोन खांबांच्या लिफ्टवर गाडी आधीच पट्ट्यांनी बांधा. वायरिंगच्या प्रत्येक प्लगवर चिठ्ठी लावा आणि प्रत्येक जोडणीचा फोटो घ्या.

टायमिंगसाठी डिग्री व्हील (क्रँक किती अंशांनी फिरला ते दाखवणारी चकती), डायल गेज, कॅम रोखायची साधनं आणि टॉर्क रेंच जवळ हवेत. क्रँक हातानेच, चालण्याच्या दिशेने फिरवून पहिला सिलिंडर टीडीसीवर (पिस्टन सर्वात वर असलेल्या स्थितीवर) आणा, कॅमच्या खुणा जुळतात का बघा आणि रंगाने स्वतःच्या खुणा करा. आधीच्या कामात एखादा दात चुकलेला असेल तर तो इथे कळतो. बेल्ट सैल होताच व्हॉल्व्हच्या स्प्रिंगमुळे कॅम झटक्यात सरकू शकतो, आणि या इंजिनात पिस्टन व व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात. नवे बेल्ट चढवून ताण दिल्यावर क्रँक पूर्ण दोन फेरे फिरवा आणि सगळ्या खुणा परत तपासा. कुठेही अडलं तर जोर लावू नका, बेल्ट उतरवून पुन्हा बसवा.