सोलापुरात जुनी कॉमिक्स, पॉप-अप पुस्तकं आणि कागदी खेळणी जमवताना

सोलापूरच्या रद्दीत तीन भाषा एकत्र येतात, आणि जुना छापील कागद शोधणाऱ्याला याचा मोठा फायदा होतो. पूर्व भागातल्या पद्मशाली घरांतून मुलांचं तेलुगू मासिक ‘चंदामामा’ निघतं, अक्कलकोटकडून आलेल्या गठ्ठ्यात त्याचे कन्नड अंक सापडतात, आणि त्याचीच मराठी आवृत्ती ‘चांदोबा’ तर असतेच. भाषा वेगळी असली तरी चित्रं बहुतेक तीच असतात. मुखपृष्ठ गेलेला, महिना-वर्ष नसलेला मराठी अंक हाती आला तर तेलुगू अंकांशी चित्रं ताडून पाहा. एखादा महिना मागेपुढे होईल, वर्ष बहुधा सापडेल. तेलुगू वाचता येत नाही म्हणून तो गठ्ठा सोडू नका.

माल निघायचे हंगाम दोन: दसरा-दिवाळीची साफसफाई आणि परीक्षा संपल्यानंतरचे एप्रिल-मे. रद्दी दुकानात फार दिवस राहत नाही, गोडाऊनला जाते. म्हणून दुकानदाराला एक फाटकी प्रत नमुना म्हणून देऊन ठेवा आणि ‘असं काही आलं की बाजूला ठेवा’ म्हणून सांगा. नुसतं ‘कॉमिक्स’ म्हटलं तर तो नव्या रंगवायच्या वह्याही काढून ठेवतो. गठ्ठ्यातून चार अंक वेचून काढलेत की भाव तिथेच चढतो. त्यापेक्षा किलोच्या भावापेक्षा थोडे जास्त देऊन अख्खा गठ्ठा उचला, उरलेलं अदलाबदलीला कामी येतं. पॉप-अप, म्हणजे पान उघडताच कागदी चित्र उभं राहणारी पुस्तकं, इथे क्वचितच मिळतात. त्यासाठी रविवारी सकाळी हैदराबादला आबिड्सचा फुटपाथवरचा पुस्तकबाजार गाठलेला बरा.

अंक हातात घेतल्यावर आधी पानं मोजा, कागदाच्या दोन्ही बाजू वेगळ्या धरून. मध्ये पिना मारलेल्या अंकाची पानं, मुखपृष्ठ सोडून, चारच्या पटीत असतात, कारण प्रत्येक कागद दुमडून चार पानं होतात. चारने भाग गेला नाही तर काहीतरी गळालंय. भाग गेला तरी निश्चिंत होऊ नका, मधला कागद अख्खाच निघून गेलेला असू शकतो. म्हणून मधोमध उघडून गोष्ट सलग वाचा. कूपन किंवा कोडं कापून घेतलेलं आहे का, तेही बघा. भाड्याने पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांनी पाच-दहा अंक एकत्र बांधून कडा छाटलेल्या असतात. असे गठ्ठे वाचायला छान, पण संग्राहकाच्या भावाने घेऊ नयेत.

साल ठरवणं हे खरं कौशल्य. ‘अमर चित्र कथा’ १९६७ मध्ये सुरू झाली आणि तीच पुस्तकं पुन्हा पुन्हा छापली गेली, त्यामुळे अंकाचा क्रमांक जुना आहे म्हणून प्रत जुनी, असं होत नाही. मागच्या पानावरची इतर पुस्तकांची यादी बघा. यादीतला सर्वात मोठा क्रमांक ज्या वर्षी निघाला, त्याआधीची ती प्रत असूच शकत नाही. दुसरी खूण पत्त्यात असते. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, म्हणजे प्रकाशकाच्या पत्त्यात तो असेल तर छपाई त्यानंतरची. इंग्रजी प्रतीवर ‘बॉम्बे’ऐवजी ‘मुंबई’ असेल तर ती १९९५ नंतरची. मराठी प्रतीला ही खूण लागू पडत नाही, तिथे पहिल्यापासून मुंबईच छापत. वेताळ-मँड्रेकच्या गोष्टींची इंद्रजाल कॉमिक्स मार्च १९६४ ते १९९० चालली, त्यात १२३ आणि १२४ हे क्रमांक निघालेच नाहीत. ती भोकं भरायला धावू नका.

नकली पानं ओळखायला सराफ वापरतात तसलं दहापट भिंग पुरतं. जुन्या ऑफसेट छपाईत रंगांचे ठिपके ठरावीक जाळीत दिसतात. इंकजेटमध्ये ते विस्कटलेले, तर लेझर प्रिंटमध्ये शाई कागदावर बसलेली आणि किंचित चकाकणारी. नोटा तपासायच्या निळ्या टॉर्चखाली जुना न्यूजप्रिंट मंद राहतो. त्यातलं एखादंच पान निळं-पांढरं उजळलं तर ते बदललेलं समजा.

पॉप-अप पुस्तक घेताना प्रत्येक जोडपान आधी काटकोनात, मग पूर्ण उघडा. कागदावर गोंदाचा चौकोनी डाग किंवा फिकट ठसा दिसला की तिथला तुकडा गेला आहे. ओढायच्या पट्ट्या अर्ध्यावर अडकल्या तर जोर लावू नका, पट्टी सहसा सरकायच्या चिरेतच फाटते. पान मिटत नसेल तर बाजूने आत डोकावा: एखादा तुकडा आपल्या घडीच्या उलट दुमडलेला असतो, तो बोथट सुईने सरळ केला की पान मिटतं. प्रागच्या आर्टिया प्रकाशनाने काढलेल्या, चेक चित्रकार व्होइटेख कुबाश्ताच्या पॉप-अप पुस्तकांत मुख्य देखावा बराचसा एकाच कागदातून कापून उभा केलेला असतो, त्यामुळे मधल्या घडीवरची चीर सर्वात महागात पडते. कापा-चिकटवाचे ताव, मुखवटे, कागदी बाहुल्या यांचा नियम सोपा: न कापलेला ताव पहिला. कापलेला घ्यायचा तर चिकटवायच्या कडा शाबूत हव्यात.

जपणूक मात्र सोलापूरच्या हवेप्रमाणे करावी लागते. मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो, कागद कोरडा पडतो आणि घडीवर मोडतो. तेव्हा दुपारी पॉप-अप उघडू नका. पत्र्याखालचा माळा सर्वात वाईट जागा. त्यापेक्षा आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट बरं, पश्चिमेच्या भिंतीपासून सुटं आणि जमिनीपासून दहा-पंधरा सेंटिमीटर उंच, वाळवीसाठी. त्या खोलीत कूलर लावू नका, ओलाव्याने पिना गंजतात. पिशव्यांसाठी लांब जायला नको: युनिफॉर्मच्या कारखान्यांना पुरवठा करणाऱ्यांकडे कपड्यांच्या पारदर्शक पॉलीप्रॉपिलीन पिशव्या घाऊक मिळतात. अंकापेक्षा दोन सेंटिमीटर मोठ्या घ्या आणि चिकटपट्टीचा पदर कापून टाका, नाहीतर अंक काढताना मुखपृष्ठ त्याला चिकटून सोलतं. मऊ, उग्र वासाचं पीव्हीसी नको. कॉमिक्स उभी चालतात, पॉप-अप आडवीच ठेवा आणि वर वजन नको.

कसर लागली तर अंक घट्ट बंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका, नाहीतर कागदावर पाणी धरतं. डांबरगोळ्या टाळा, त्या प्लास्टिक खातात.

दुरुस्तीला सेलोटेप नाही, फेव्हिकॉल नाही. कुरडयांसाठी काढलेला गव्हाचा चीक, मीठ-हिंग घालायच्या आधीचा, हाच उत्तम गोंद. वाळलेला चीक एक चमचा, पाणी पाच चमचे, मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं ढवळत पारदर्शक होईपर्यंत शिजवा आणि गाळून घ्या. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतो. बाइंडर खळीत मोरचूद घालतात, ते इथे नको, कागद त्याने कालांतराने खराब होतो. चिरेवर पातळ हातकागदाची फाडलेली पट्टी लावा, कापलेली नको, तिची कड उठून दिसते. वर-खाली बेकिंग पेपर आणि टीपकागद ठेवून रात्रभर हलकं वजन द्या. गंजलेली पिन काढायची तर आतल्या बाजूने तिचे पाय सरळ करा, मग बाहेरून उचला, आणि त्याच जुन्या भोकांतून सुती दोरा ओवून सैलसर गाठ मारा. आवळलीत तर मधल्या घडीवर कागद फाटतो.